शमीम आपांचे दोन जादा प्रश्न

क्रांती चौकात सिग्नलला उभा होतो तेव्हा खिशातला फोन थरथरला. सकाळची वेळ, चितेगावला कंपनीत निघालो होतो. काढून बघितलं तर सनाचं नाव. सना म्हणजे कंपनीतल्या आमच्या शमीम आपांची मुलगी. आदल्याच दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन आजारी आपांना भेटून आलो होतो आणि सना मला एरवी कधी फोन करत नाही... मी फोन उचललाच नाही. खोटं कशाला सांगू, मी भित्रा माणूस आहे. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, एक रिक्षावाला जाता जाता काहीतरी बोलून गेला, तरी मी तिथंच. वाटत होतं, फोन उचलत नाही तोवर काही झालेलं नाही. शेवटी स्कूटर ढकलत कडेला नेली, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि उलट फोन लावला. सना एवढंच म्हणाली, "काका, अम्मी गेली. पहाटे." शेवटी त्या पोरीनंच मला धीर दिला, स्कूटर सावकाश चालवा म्हणाली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आपांवर लिहायला बसलो की हात थांबतो, कारण त्यांच्याविषयी पहिली आठवण येते ती त्यांच्या भीतीची, आणि गेलेल्या माणसाविषयी असं लिहितात का, हा प्रश्न पडतो. पण आपा भित्र्या होत्या, अगदी माझ्या वरताण. घरातून निघताना कुलूप लावायच्या, ओढून बघायच्या, मग परत उघडून परत लावायच्या. गॅसचं बटण बंद केल्यावर काडी ओढून शेगडीजवळ धरायच्या. कंपनीतली पोरं मुद्दाम विचारायची, आपा, आज छत पडंल का हो? तर या खरोखर मान वर करून छताकडं बघायच्या आणि सगळे खो खो हसायचे. त्याही हसायच्या, पण बघून झाल्यावर. एवढी भीती कशामुळं, हे मी बरीच वर्षं शोधलं. वाटायचं, लहानपणी काही घडलं असेल, कुणी भाजलं असेल, कुणी बुडालं असेल. एकदा सनालाच विचारलं. ती म्हणाली, "काही नाही काका, अम्मी पहिल्यापासून अशीच."

आमची कंपनी छोटी. चितेगावात, पैठण रस्त्याला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, वजनानं कमी असलेल्या बाळांना दवाखान्यात ज्या उबदार काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेट्या आम्ही बनवतो. पेटीच्या पोटात हाताच्या तळव्याएवढा एक बोर्ड असतो आणि त्यावर आमचा प्रोग्राम चालतो. आत ऊब किती ठेवायची, ती वाढली तर किती वेळ वाट बघायची आणि मग भोंगा कधी वाजवायचा, हे तो प्रोग्राम ठरवतो. हा प्रोग्राम आपांच्या ताब्यात होता आणि मी त्यांच्या हाताखाली. म्हणजे आमचं काम चुकलं तर काय होईल, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. इतर लोक ते विसरून कामं करू शकायचे. आपांना विसरता यायचं नाही आणि त्यांच्याशेजारी बसून बसून मलाही येईना. पहिल्या वर्षी मला झोपेत भोंगे ऐकू यायचे. बायको म्हणायची, अहो, तुम्ही दुसरी नोकरी बघा, नाहीतर मी माहेरी जाते.

आता थोडं आमच्या कामाविषयी सांगतो, कंटाळू नका, त्याशिवाय आपा कळायच्या नाहीत. एकच प्रोग्राम वेगवेगळ्या बोर्डांवर चालवायचा असतो आणि प्रत्येक बोर्डाजवळ सगळ्या सोयी असतातच असं नाही. म्हणून प्रोग्राम बांधायच्या आधी त्या बोर्डाच्या सिस्टीमला एकेक गोष्ट विचारून घ्यावी लागते. अमुक आहे का? तमुक आहे का? सिस्टीमसोबत काही फाइली येतात, त्यांना आम्ही हेडर म्हणतो. अपार्टमेंटच्या जिन्याखाली राहणाऱ्यांच्या नावांची पाटी असते ना, तसंच ते. त्यात नाव सापडलं तर ती सोय वापरायची, नाही सापडलं तर दुसरी कुठली तरी पर्यायी सोय घ्यायची. ही विचारणा माणूस करत नाही. एक छोटी स्क्रिप्ट करते. ती प्रत्येक नावासाठी एक चिमुकला प्रोग्राम लिहिते, तो तयार होतो का बघते, झाला तर पडद्यावर ‘आहे’ लिहिते, नाही झाला तर ‘नाही’ लिहून पुढं जाते. पडद्यावर भराभर ओळी सरकतात आणि खरं सांगायचं तर त्या कुणीच वाचत नाही.

आपा वाचायच्या. मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका बोर्डासाठी मी स्क्रिप्ट चालवली, खालपासून वरपर्यंत ‘आहे, आहे, आहे’ आलं आणि मी खुशीत आपांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या. कौतुक सोडाच, त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, एकदाही ‘नाही’ म्हणत नाही हा बोर्ड, मला नाही बरं वाटत. मग मला विचारलं, तुझं लग्न झालंय का रे? मी म्हटलं, नाही अजून, बघताहेत. त्यांनी मला बाजूला सरकवलं आणि विचारायच्या नावांत स्वतःच्या हातानं एक नाव घातलं, ‘दिगंबर की बीवी’. दिगंबर म्हणजे मी. स्क्रिप्ट परत चालवली. ओळी सरकल्या आणि शेवटी आलं, दिगंबर की बीवी... आहे.

मी हसलो. आपा हसल्या नाहीत. घाबरल्या की त्या घरची बोली बोलायच्या. म्हणाल्या, "ये हौ-हौ करनेवाला है दिगंबर. इसका भरोसा नक्को." हौ म्हणजे हो. झालं होतं असं की ते चिमुकले प्रोग्राम बांधून देणारं आमचं जुनं साधन अनोळखी नाव दिसलं तरी अडायचं नाही, असेल बाबा कुठंतरी म्हणून पुढं जायचं, फक्त तोंडातल्या तोंडात एक कुरकुर करायचं. आमची स्क्रिप्ट ती कुरकुर ऐकतच नव्हती. म्हणजे त्या दिवशीचं एकूण एक ‘आहे’ फुकटचं होतं. लग्न न होताच मला बायको होती आणि त्याच हिशेबानं त्या पेटीत भोंगाही होता. तेव्हापासून त्यांची पद्धत मला पाठ झाली. खऱ्या कामाची नावं विचारायच्या आधी त्या दोन प्रश्न जादा विचारायच्या. एक असं नाव, जे जगात कुठंच नाही. त्याला ‘नाही’च आलं पाहिजे. दुसरं असं, जे प्रत्येक बोर्डावर असतंच असतं, पडद्यावर अक्षरं उमटवणारं साधं फंक्शन. त्याला ‘आहे’च आलं पाहिजे. ही दोन उत्तरं बरोबर आली की मगच आपलं काम. नसलेलं नाव त्या दर वेळी नवीन शोधायच्या आणि त्यात मात्र त्यांना फार मजा यायची. पहिल्या प्रश्नाचं महत्त्व मला तिथंच पटलं होतं, माझं लग्नच लागलं होतं ना त्यात! दुसरा प्रश्न मात्र मला उगीचच वाटायचा. असलेल्या गोष्टीला नाही कोण म्हणेल? आपा म्हणायच्या, घाबरलेला माणूस म्हणतो की, त्याला काहीही विचार, नाही म्हणून मोकळा होतो.

भोंग्याचा सगळा खेळ घड्याळावर आहे. बोर्डावर दोन घड्याळं असतात. एक आपल्या भिंतीवरच्यासारखं, जे चुकलं तर कुणीही मागंपुढं करू शकतं. दुसरं कुणाला दिसत नाही. यंत्र चालू झाल्यापासून ते फक्त पुढं मोजत राहतं, त्याला हात लावता येत नाही. भोंगा या दुसऱ्या घड्याळावर टेकलेला हवा. समजा पेटीतली ऊब वाढली, प्रोग्रामनं ठरवलं की मिनिटभर बघू आणि नाहीच उतरली तर भोंगा वाजवू, आणि नेमकं त्याच वेळी कुणी पहिलं घड्याळ तासभर मागं घेतलं. प्रोग्राम त्याच घड्याळावर बसला असेल तर त्याचं ते मिनिट तासाभरानं पुरं होणार. तोवर पेटी तापत राहणार आणि बाळ आत... हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा आलाय. आमच्या प्रोग्राममध्ये फार पूर्वी कुणीतरी सोय करून ठेवली होती की दुसऱ्या घड्याळाचं नाव हेडरमध्ये सापडलं नाही तर गुपचूप पहिलं वापरायचं. पेटी छान चालते, चाचणीत भोंगाही वाजतो, कारण चाचणी घेताना घड्याळ मागं कोण करतंय?

आपांची किडनी बिघडली आणि त्या रजेवर गेल्या, त्याच दरम्यान कंपनीनं नवीन बोर्ड आणला. त्यावर प्रोग्राम बसवायचं काम दुसऱ्या शहरातल्या लोकांना बाहेर दिलं. त्यांनी ते वेळेत करून दिलं, पेटी चालली, आणि एक पेटी चाचणीसाठी तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलीसुद्धा. मी त्या कामात नव्हतो. आपा गेल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांना भेटायला गेलो तेव्हा हे सगळं सहज सांगितलं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा सुजलेला, बोलताना धाप लागत होती. सना त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती, कारण पाणीसुद्धा मोजकंच द्यायचं होतं. मला वाटलं होतं, आजाराविषयी बोलतील, सनाविषयी बोलतील. त्यांनी विचारलं, नव्या बोर्डाला विचारलं का कुणी? मी म्हटलं, आपा, बाहेरच्या लोकांनी केलंय, विचारलंच असेल. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "तू पूछ."

मी म्हटलं, आपा, मला आत्ताच भीती वाटायला लागली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि या वेळी सावकाश, मराठीत बोलल्या. "मलापण वाटते दिगंबर. विचारल्यावर जरा कमी होते." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. उद्या गेल्या गेल्या विचारतो, असं सांगून मी निघालो आणि त्या उद्याच्या सकाळीच क्रांती चौकात फोन आला.

दफनाला आम्ही कंपनीतले बरेच जण गेलो होतो. माती देताना माझी पाळी आली तेव्हा मी तीन मुठी नीट टाकल्या का, हे तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, बरोबर केलंस बेटा. तिथून गारखेड्याला घरी आलो, अंघोळ केली, जेवण काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीत आपांच्या खुर्चीवर न बसता स्टूल ओढून घेतलं आणि नव्या बोर्डाची स्क्रिप्ट उघडली. पडद्यावर ‘नाही’ची रांग लागली. अमुक नाही, तमुक नाही, दुसरं घड्याळ नाही. बाहेरच्या लोकांनी त्यावर शेरा मारला होता की बोर्ड स्वस्तातला आहे, सोयी कमी आहेत, पर्याय वापरले आहेत. वाचायला अगदी पटण्यासारखं. मी जगात नसलेलं एक नाव घातलं. ‘नाही’ आलं. बरोबर. जिवात जीव आला. मग दुसरा प्रश्न, तो उगीचचा वाटणारा, पडद्यावर अक्षरं उमटवणारं फंक्शन आहे का?

उत्तर आलं, नाही. जे उत्तर मी पडद्यावर वाचत होतो, ते पडद्यावर उमटवणारंच फंक्शन नाही म्हणे. परत चालवलं, परत नाही. त्या लोकांनी सगळा प्रोग्राम कडक तपासला जावा म्हणून एक नियम लावला होता की बारीकशी कुरकुर आली तरी काम फेटाळायचं. चांगल्या हेतूनं लावला होता. पण तो नियम स्क्रिप्टच्या त्या चिमुकल्या प्रोग्रामांनाही लागू झाला होता आणि ते इतके घाईत लिहिलेले असतात की कुरकुर होतेच. म्हणून एकेक नाव फेटाळलं गेलं होतं. बोर्डावर सगळं होतं. दुसरं घड्याळही होतं. आमचा भोंगा मात्र भिंतीवरच्या घड्याळावर बसला होता, आणि ती पेटी दवाखान्यात होती.

देशमुख साहेबांच्या खोलीत मी कसा गेलो ते आठवत नाही. साहेब म्हणजे आमचे मालक, स्वभावानं शांत. मी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाले, आधी तिथं फोन लाव. बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टर फोनवर आल्या. विचारलं, आमच्या नव्या पेटीत कोणी आहे का? म्हणाल्या, हो, कालपासून एक मुलगी आहे, छान आहे, पेटीपण छान आहे. आणि मग त्याच सुरात पुढं म्हणाल्या, "फक्त तुमचं ते घड्याळ लई पुढं चाललंय. आमचा माणूस गेलाय आता ते मागं करायला."

फोन स्पीकरवर होता. साहेबांनी माझ्या हातातून फोन ओढला आणि ओरडले, थांबवा त्याला. फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग चपलांचा पळत जाण्याचा आवाज, मग काहीच नाही. आम्ही दोघं त्या मुक्या फोनकडं बघत उभे. मी आयुष्यात इतका घाबरलो नाही, माझ्या स्वतःच्या पोराच्या आजारपणात नाही, आदल्या दिवशी क्रांती चौकातही नाही. बऱ्याच वेळानं सिस्टर परत आल्या, धापा टाकत. बटणावर हात होता त्याचा, म्हणाल्या, दाबलं नव्हतं. काय झालं विचारू लागल्या. साहेब म्हणाले, बाळाला दुसऱ्या पेटीत घ्या, आम्ही निघालोच.

साहेबांनी स्वतः गाडी चालवली. पोचलो तेव्हा मुलीला आमच्याच जुन्या बोर्डाच्या पेटीत हलवलं होतं, ज्या बोर्डाला आपांनी दोन्ही प्रश्न विचारले होते. नवी पेटी शेजारच्या खोलीत रिकामी होती. मी ती चालू केली, ऊब वाढवली, घड्याळ तासभर मागं घेतलं आणि कान देऊन बसलो. आकडा चढत गेला. मिनिट गेलं, आणखी गेलं. काच हाताला चटका देऊ लागली. भोंगा वाजला नाही... सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांना तांत्रिक काही कळलं नसेल, पण त्या शांततेचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच कळला. त्यांनी पुढं होऊन पेटीचं बटण स्वतः बंद केलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

पेटी आम्ही परत आणली. दुरुस्ती म्हणावं तर एका ओळीची होती. तो कडक नियम स्क्रिप्टच्या प्रश्नांवरून काढला, तसे सगळे ‘नाही’ एकेक करत ‘आहे’ झाले. नंतर मी असलेलं विचारलं, नसलेलं विचारलं, आणि गुपचूप पर्याय घेण्याची ती जुनी सोय साहेबांच्या समोर कायमची काढून टाकली. आता दुसरं घड्याळ सापडलं नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही, तिथंच अडतो. आपा असत्या तर त्यांनी चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या असत्या आणि काहीतरी खुसपट काढलंच असतं. ते खुसपट तेवढं ऐकायचं राहिलं, या विचारानं त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. माझं काम तपासून बघणारं आता कुणी नाही. हे दुःख आहे का भीती आहे, मला सांगता येत नाही, पण पोटात दोन्ही एकाच जागी होतं.

पेटी घेऊन मीच परत दवाखान्यात गेलो. त्या मुलीची आई वॉर्डाबाहेर खाली बसलेली होती, वीस-बावीस वर्षांची, डोक्यावरून पदर. तिला कुणीतरी सांगितलं होतं की पहिल्या पेटीत काहीतरी खोट होती. मला बघून उठली आणि विचारलं, "साहेब, आता नीट हाय ना ती?" सिस्टर पटकन म्हणाल्या, हो हो, एकदम नीट आहे, काळजी करू नको. त्या बाईनं सिस्टरकडं बघितलंच नाही, माझ्याकडंच बघत राहिली. मला हो म्हणता येईना. एवढी सगळी ‘आहे’ बघून आल्यावर माझ्या तोंडातून ते सोपं ‘हो’ निघेना. मी म्हटलं, "ताई, भोंगा वाजतो. मी माझ्या कानांनी ऐकलाय."

तिची भीती तिच्या तोंडावर लख्ख दिसत होती, लपवायचा काही प्रयत्न नव्हता. मग म्हणाली, "मलाबी ऐकू द्या." सिस्टर म्हणाल्या, अगं, साहेबांना वेळ नाही. मी म्हटलं, आहे वेळ. तिला शेजारच्या खोलीत नेलं, रिकाम्या पेटीसमोर उभं केलं, ऊब वाढवली आणि घड्याळ मागं घेतलं. काय करतोय ते तिला सांगितलं. ती दोन्ही हात काचेवर ठेवून आकड्याकडं बघत राहिली. मी तिच्या मागं उभा होतो, आणि दुरुस्ती मीच केलेली, तपासणी मीच केलेली असूनही मनात एकेक सेकंद मोजत होतो. मिनिट सरता सरेना... आणि भोंगा वाजला. एवढा कर्कश्श की बाहेरून दोघं-तिघं धावत आले. सिस्टरांनी कानांवर हात ठेवले आणि बंद करा म्हणून खुणावलं. मी बटण दाबलं.

त्या बाईनं काचेवरचे हात काढले नाहीत. तशीच उभी राहून ती मला म्हणाली, "अजून एकदा वाजवा." मी घड्याळ परत मागं घेतलं.